वस्तादांचा जुना फोटो मोठा करायचाय: स्कॅन, एन्लार्जमेंट की एआय?

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या तालमीचा नवा हॉल बांधून झालाय, आखाडा जुनाच ठेवलाय, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर तालमीच्या पहिल्या वस्तादांचा मोठा फोटो लावायचा असं मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलंय. साईज ठरली दोन फूट बाय तीन फूट.

अडचण अशी की वस्तादांचा एकट्याचा फोटो कुणाकडेच नाही, त्यांच्या घरीपण नाही. आहे तो एक ग्रुप फोटो, साठच्या दशकातला. मधोमध खुर्चीत वस्ताद, डोकं उघडं, केस बारीक कापलेले, मांडीवर आडवी गदा, दोन्ही बाजूला आणि मागं पैलवान उभे, पुढं बारकी पोरं मातीत मांडी घालून बसलेली. तो आम्ही तालुक्याच्या एका स्टुडिओत दिला. त्यांनी दोन दिवसात एआय वापरून वस्तादांचा चेहरा वेगळा काढून एकदम झळझळीत करून दिला. बघताक्षणी सगळे खूश. मग तालमीतल्या थोरल्या मंडळींना दाखवला, तर वस्तादांच्या हाताखाली तयार झालेले एक आजोबा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ह्यो कोण?"

मग आम्ही नीट बघितलं. कान! वस्तादांचे दोन्ही कान मोडलेले होते, जुन्या पैलवानांचे असतात तसे, घासून घासून आत रक्त साकळून गठ्ठा झालेले. या नव्या फोटोत दोन्ही कान सरळ, एकदम शाबूत. भुवईवर एक खोक होती असं आजोबा सांगतात, तीपण गायब. चेहरा गुळगुळीत. नाकसुद्धा जरा वेगळंच वाटतंय.

तर जाणकारांना विचारायचं होतं की हे असं का होतं, आणि खराखुरा फोटो एवढा मोठा करता येतो का? येत असेल तर कुणाकडं जायचं, काय सांगायचं? पैशाची अडचण नाही, मंडळ देईल, पण भिंतीवर आमचेच वस्ताद पाहिजेत.

---

हायपो

आधी एक सांगा, तुमच्या हातात नेमकं काय आहे? निगेटिव्ह, प्रिंट, का मोबाईलमधला फोटो? बाकी सगळं यावर ठरतं.

---

तांबडी_माती

काका, मूळ फोटो वस्तादांच्या पुतण्याच्या घरी भिंतीवर फ्रेममध्ये आहे. त्याचा कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला होता, तो तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होता, तोच स्टुडिओला पाठवला.

---

हायपो

मग गोष्ट स्पष्ट आहे. काचेतून काढलेला मोबाईल फोटो, वर ट्यूबलाईटची झाक, मग व्हॉट्सअ‍ॅपनं केलेलं कॉम्प्रेशन, मग कुणी फॉरवर्ड केला, कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर आणखी खराब. स्टुडिओवाल्याच्या हातात वस्तादांचा चेहरा म्हणून चाळीस-पन्नास ठिपके पोचले असतील. त्यातून दोन फुटाचा चेहरा निघत नाही, कुणाच्या बापाला काढता येणार नाही.

उभं आयुष्य डार्करूममध्ये गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडे एन्लार्जर असायचा. वर बल्ब, त्याखाली कंडेन्सर, मग निगेटिव्ह अडकवायची कॅरिअर, बेलोज, लेन्स, आणि खाली पाटावर ब्रोमाइड पेपर, म्हणजे फोटोचा कागद. दांड्यावर मुंडकं वर सरकवलं की चित्र मोठं होतं आणि तेवढाच उजेड जास्त जागेत पसरतो. म्हणजे प्रिंटची लांबी-रुंदी दुप्पट केली की एक्सपोजर साधारण चौपट द्यायचं. पेपर महाग, म्हणून आधी एक पट्टी कापून तिच्यावर पाच-पाच सेकंदांच्या पायऱ्यांनी टेस्ट घ्यायची, डेव्हलपरमध्ये टाकायची, लाल दिव्यात चित्र हळूहळू वर येताना बघायचं, मग पाणी, मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन. हे करताना एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असायची. एन्लार्जर निगेटिव्हमध्ये आहे तेच मोठं करतो. पस्तीस एमएमची फ्रेम असते २४ बाय ३६ मिलिमीटर. तिची ८ बाय १२ इंची प्रिंट काढली म्हणजे साडेआठ पट झाली. चेहरा साडेआठ पट, आणि फिल्मचा दाणा, धुळीचा कण, ओरखडा, फोटोग्राफरचा हात हललेला, हे सगळंसुद्धा साडेआठ पट. गिऱ्हाईक यायचं, पासपोर्ट साईज फोटो टेबलावर ठेवून म्हणायचं याचा कॅलेंडरएवढा करून द्या, आणि आम्ही पहिला प्रश्न तोच विचारायचो जो आता तुम्हाला विचारला, निगेटिव्ह आहे का?

आता चांगली बातमी. त्या काळी गावोगावचे स्टुडिओवाले ग्रुप फोटोसाठी तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा आणायचे, डोक्यावर काळं फडकं घेऊन फोकस करायचा तो. त्यात प्लेट नाहीतर शीट फिल्म असायची. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ. अशा निगेटिव्हची प्रिंट बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट प्रिंट असते, निगेटिव्ह सरळ पेपरवर दाबून काढलेली, जेवढ्यास तेवढी. त्यात लेन्समधून दुसऱ्यांदा काही गेलेलंच नसतं, म्हणून बारकावे भरपूर राहतात. भिंतीवरच्या फोटोची साईज पट्टीनं मोजा. फ्रेमची नको, आतल्या फोटोची.

---

तांबडी_माती

आजच जाऊन आलो. साडेआठ इंच आडवा, साडेसहा उभा. वस्तादांचा चेहरा केसांपासून हनुवटीपर्यंत १२ मिलिमीटर.

---

हायपो

फुल प्लेट! मग काम झालंच समजा. पण फ्रेम घाईघाईत खोलू नका. इतकी वर्षं काचेला टेकून असलेला फोटो दमटपणानं काचेला चिकटलेला असू शकतो, वरचा जिलेटिनचा थर काचेवरच राहतो आणि चेहरा सोलून निघतो. मागचे खिळे काढून कोपऱ्यातून बघा सुटतोय का. अजिबात ओढू नका. चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करा, नाहीतर दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशात दिवे लावून ट्रायपॉडवरून कॉपी काढा. ओलं फडकं लावायचं नाही, मऊ ब्रशनं धूळ झटकायची फक्त. काळ्या भागावर चांदीसारखी झाक दिसली तर घाबरू नका, जुन्या ब्रोमाइडवर येते ती, पुसायला जाऊ नका.

---

पिक्सेलमोजणी

हायपोकाकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी आकडेमोड करून देतो म्हणजे मंडळाच्या मीटिंगमध्ये सांगता येईल.

स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, असा करा. १२०० वर पण एक घेऊन ठेवा, बिघडत काही नाही, पण कागदी प्रिंटमध्ये ६०० च्या वर फार काही शिल्लक नसतं. फ्लॅटबेड स्कॅनर, ग्रेस्केल १६ बिट, फाईल टिफ, आणि ऑटो शार्पन, ऑटो डस्ट रिमूव्ह असले सगळे टिक काढून टाका. आणि फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. पेनड्राइव्ह घेऊन गेलात तर उत्तम.

६०० वर १२ मिलिमीटरचा चेहरा म्हणजे साधारण २८३ पिक्सेल उंच. आता हे किती मोठं करता येईल ते बघणारा किती लांब उभा आहे यावर अवलंबून. साध्या डोळ्याला एका कलेपेक्षा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक फरक कळत नाही, म्हणून हिशोब असा की ३४०० ला अंतरानं भागायचं, अंतर इंचात, उत्तर येईल तेवढे पिक्सेल दर इंचाला पुरतात. हातात धरलेल्या फोटोला, दहा-बारा इंचांवरून, ३०० च्या आसपास लागतात, सगळीकडे ३०० डीपीआय ३०० डीपीआय ऐकतो ते इथून आलं. चार फुटांवरून सत्तर पुरतात. दहा फुटांवरून तीससुद्धा चालतात, हायवेवरच्या होर्डिंगजवळ जाऊन बघितलं तर मोठाले ठिपके दिसतात आणि रस्त्यावरून झक्कास दिसतं ते याचमुळे.

म्हणजे वस्तादांचा चेहरा भिंतीवर चार इंच उंच ठेवलात तर चार फुटांवरून खणखणीत. दोन बाय तीन फुटात फक्त चेहरा-छाती घेतलीत तर चेहरा एक फूट उंच होईल, इंचाला चोवीसच पिक्सेल, आणि तो बारा फुटांवरूनच बरा दिसेल. आखाड्याच्या पलीकडच्या कडेवरून छान, जवळ जाऊन पाया पडणाऱ्याला धुरकट.

---

सूक्ष्मदर्शिनी

मी कॉलेजात बॉटनी शिकवते, आमच्याकडे हाच प्रश्न दरवर्षी नव्या बॅचबरोबर येतो. मुलं विचारतात मॅडम आयपीस बदलून अजून मोठं करू या ना. ४० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह, १० एक्सचा आयपीस, झाले ४००. ऑइल लावून १०० चं ऑब्जेक्टिव्ह घेतलं की १०००. त्यावर २५ चा आयपीस बसवला तर कागदावर २५०० होतात, पण दिसत नवीन काहीच नाही, तोच धूसर ठिपका मोठा दिसतो. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिलं की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळच्या दोन गोष्टी लेन्सला वेगळ्या दाखवता येत नाहीत, म्हणजे दृश्य प्रकाशात ०.२ मायक्रॉनच्या आसपास हद्द. त्याच्या पुढच्या मोठं करण्याला आमच्या विषयात एम्प्टी मॅग्निफिकेशन म्हणतात. लहान टेलिस्कोपच्या खोक्यावर ६७५ एक्स छापलेलं असतं आणि आत ६० मिलिमीटरची लेन्स असते तेही तसंच, तिला १२० च्या पुढं नेण्यात अर्थ नसतो.

मुलांना मी कांद्याचा पापुद्रा मोबाईलवर झूम करून दाखवते आणि मग तोच स्लाइडवर दाखवते. झूममध्ये पेशी येत नाही, कितीही बोटं ताणा. कारण कॅमेऱ्यानं ती टिपलेलीच नव्हती. मोठं करणं आणि जास्त तपशील मिळणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम फक्त मूळ वस्तूपाशी जाऊनच होतं. तुम्ही पट्टी घेऊन पुतण्यांच्या घरी गेलात तेच बरोबर केलंत.

---

रात्रपाळी

एआयमध्ये कान का बदलले यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझं काम याच क्षेत्रात आहे.

साधं इंटरपोलेशन, बायक्युबिक वगैरे, शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून मधले ठिपके भरतं. फोटो मऊ दिसतो, पण त्यात खोटं काही नसतं. एआयवाले अपस्केलर, म्हणजे फोटो मोठा करणारे प्रोग्रॅम, तसं करत नाहीत, त्यांनी आधी लाखो चेहरे बघितलेले असतात आणि अशा धूसर डागाच्या जागी बहुतेक वेळा काय असतं ते ते काढून देतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी पल्स नावाचा प्रोग्रॅम दिला होता. त्याची पद्धत अशी की कृत्रिम चेहरे तयार करत जायचं आणि लहान केल्यावर मूळ ठिपक्यांशी जुळेल असा एक सापडला की तो द्यायचा. लोकांनी त्यात बराक ओबामांचा बारीक, ठिपके-ठिपके झालेला फोटो घातला, आणि बाहेर आला एक गोरा माणूस. खूप गाजलं होतं प्रकरण. प्रोग्रॅमच्या हिशोबानं उत्तर बरोबरच होतं, कारण तो गोरा चेहरा लहान केला तर तेच ठिपके मिळतात! एका लहान चित्रात मावणारे मोठे चेहरे हजारो असतात आणि त्यातला खरा कुठला हे त्या ठिपक्यांत लिहिलेलं नसतं. करणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं होतं की यावरून कुणाची ओळख पटवता येणार नाही.

आता विचार करा, मशीननं बघितलेल्या लाखो चेहऱ्यांत मोडक्या कानाचे पैलवान किती असतील? तुमच्या फोटोत कान म्हणजे आठ-दहा ठिपके. त्यानं जगातला सगळ्यात जास्त आढळणारा कान बसवला. भुवईवरची खोक त्याला घाण वाटली, काढली. त्यामुळे चेहऱ्यावर एआय अजिबात नको. मागच्या भिंतीवरचे पोपडे, आकाशातले डाग काढायला वापरलंत तर माझी हरकत नाही.

---

निशिगंध_पुणे

सगळं पटतंय पण एक शंका. जुन्या स्टुडिओतही रिटचिंग व्हायचंच की. माझ्या आजीच्या लग्नातल्या फोटोत तिच्या गालावर देवीचे व्रण नाहीत, ते खरे होते. मग एआयलाच एवढं का झोडायचं?

---

हायपो

>> जुन्या स्टुडिओतही रिटचिंग व्हायचंच की

व्हायचं ना, मी स्वतः केलंय. निगेटिव्हच्या इमल्शनच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या बाजूला कडक शिसपेन्सिलीनं, भिंगाखाली, बारीक बारीक टोक मारत. निगेटिव्हमध्ये जिथं पेन्सिल लागली तिथं प्रिंटमध्ये गोरं येतं, म्हणून डोळ्याखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या, व्रण हलके करता यायचे. पण ताई, तो माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसून गेलेला असायचा. काय हलकं करतोय ते मला ठाऊक असायचं आणि घरच्यांनाही. आजीचे व्रण घालवणारा आजीला बघून व्रण घालवत होता. आणि नाक-कान बदलायची आमची छातीच झाली नसती, घरच्यांनी दुकानात येऊन विचारलं असतं. इथं तर स्टुडिओवाल्याला वस्ताद कोण हेच माहीत नाही, प्रोग्रॅमला तर नाहीच नाही, आणि काय बदललं याची नोंदसुद्धा कुणाकडे नाही. मला राग येतो तो याचा. अजून चाळीस वर्षांनी ते आजोबा नसतील, "ह्यो कोण" विचारणारं कुणी नसेल, आणि तो शाबूत कानाचा माणूसच तालमीचा वस्ताद म्हणून राहील.

---

चौकट

एक वेगळा मार्ग सुचवतो. तुम्ही आमच्या कोल्हापूरच्या बाजूचे वाटता, बाबूराव पेंटरांचा मुलूख, इथं फोटोवरून मोठं चित्र करणारे हात अजून आहेत. माझे वडील थिएटरचे बोर्ड रंगवायचे. हातात पोस्टकार्डाएवढा फोटो, त्यावर पेन्सिलीनं चौकटी टाकलेल्या, आणि समोर वीस फुटी कापड, त्यावर तितक्याच चौकटी, रंगात भिजवलेला दोरा दोन टोकांना धरून ताणायचा आणि मधून उचलून सोडायचा की सरळ रेघ उमटते. मग एकेक घर बघून एकेक घर भरायचं. चित्र वेडंवाकडं होऊ नये म्हणून अधूनमधून शिडीवरून उतरून रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघायचे, परत चढायचे. एम. एफ. हुसेनसुद्धा सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंगच रंगवत होते.

चित्रातही जे फोटोत नाही ते पेंटर भरतोच, पण तो विचारून भरतो. आजोबांना शेजारी बसवा, खोक कुठल्या भुवईवर, केवढी, कान कुठून चेपलेला, ते सांगतील तसं तो पुसून परत काढेल. आणि खाली पेंटरची सही असते, म्हणजे हे चित्र आहे, फोटो नाही, हे बघणाऱ्याला कळतं.

---

शाडू

थोडं अवांतर, कारण मंडळात पुढं अर्धपुतळ्याचा विषय निघणारच. लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट आणि माल आठपट होतो, गॅलिलिओनं १६३८ मध्येच लिहून ठेवलंय. एक फुटी नमुना बघून दोन फुटीचं बजेट दुप्पट धरणारी मंडळं मी बघितलीत. आणि उंच चौथऱ्यावर जाणार असेल तर शिल्पकाराला आधी सांगा, खालून बघताना प्रमाण बदलतं, डोकं बारकं वाटतं, ते त्याला मातीतच सावरून घ्यावं लागतं.

---

तांबडी_माती

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

फोटो एका कोपऱ्यात काचेला चिकटला होता, तिथं हात लावला नाही, नशिबानं तिथं नुसती भिंतच आहे. काचेसकटच स्कॅन केला, ६०० वर. पुतण्याच्या मुलीच्या लॅपटॉपवर उघडला आणि आजोबांना बोलावलं. वस्तादांच्या चेहऱ्यावर नेलं, डाव्या भुवईवर खोक दिसली, बारीकशी पांढरी रेघ, आणि कान दोन्ही जसेच्या तसे, डावा जास्त चेपलेला. आजोबांनी स्क्रीनला हात लावून नमस्कार केला.

मग ते म्हणाले बाजूला सरकव. सरकवत गेलो आणि ते एकेकाचं नाव सांगत गेले. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मुंबईला गिरणीत गेला, त्याच्या शेजारचा मिलिटरीत, पुढं मातीत बसलेल्या पोरांत एक ते स्वतः. लंगोटाच्या नाड्या, गदेवरची खिळ्यांची रांग, एकाच्या दंडावरचा ताईत, सगळं दिसतंय. भिंतीवर इतकी वर्षं टांगलेला फोटो, पण यातलं काहीच आम्ही कधी बघितलं नव्हतं.

त्यामुळे मीटिंगमध्ये परत विषय घेतला आणि ठरलं की वस्तादांना एकट्याला कापून काढायचंच नाही. अख्खा ग्रुप तीन फूट रुंद करायचा. पिक्सेलमोजणी दादा, हिशोब बरोबर बसतो का तेवढं बघा. आणि पेपर कुठला घेऊ? नावं कशी टाकायची?

---

पिक्सेलमोजणी

मस्त बसतो! साडेआठ इंच गुणिले ६०० म्हणजे ५१०० पिक्सेल, ३६ इंचात पसरले तर इंचाला साधारण १४२. दोन फुटांवर नाक नेऊन बघितलं तरी स्वच्छ. उंची साडेसत्तावीस इंच येईल, चोवीसचा हट्ट धरला तर वरून-खालून कापावं लागेल आणि पुढची पोरं जातील, तेव्हा फ्रेमच त्या मापाची करून घ्या.

---

हायपो

पेपर मॅट घ्या, हॉलमध्ये ट्यूबलाईट असणार, ग्लॉसीवर नुसत्या ट्यूबाच दिसतील. आखाड्याची माती उडते म्हणून पुढं काच लागेलच, पण काच आणि प्रिंटच्या मध्ये माउंट, म्हणजे कडेनं जाड पुठ्ठ्याची चौकट घाला, दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत, नाहीतर काही वर्षांनी हाही चिकटेल. ओल येणाऱ्या भिंतीवर सरळ लावू नका, मागं लाकडी पट्ट्या मारून हवा खेळती ठेवा.

नावं फोटोवर टाकू नका. बटर पेपर ठेवून सगळ्यांच्या नुसत्या बाह्यरेषा काढा, त्यात नंबर घाला, खाली नंबरवार नावं, आणि ती पट्टी फोटोच्या खाली वेगळी लावा. ज्यांचं नाव कळलं नाही त्यांचा नंबर रिकामा ठेवा, बघायला येणाऱ्यांत कुणीतरी सांगेल. आणि ते आजोबा बोलतायत तोवर रोज संध्याकाळी जाऊन लिहून घ्या.